काळजात चर्र होणे



मराठीत दया येते आणि दया दाखवली जाते. ही दोन क्रियापदे एका घरची वाटली तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. दया आली, कीव आली, लाज वाटली, पोटात कालवले, काळजात चर्र झाले, असे आपण म्हणतो तेव्हा माणूस काही करत नसतो, त्याला काहीतरी होत असते. ‘मी चर्र केले’ असे कुणी म्हणत नाही. क्षमा करणे, सांभाळून घेणे, दया दाखवणे या मात्र कृती आहेत. त्या करायच्या की नाही हे करणाऱ्याच्या हातात असते, आणि म्हणून त्यांचे श्रेय किंवा दोष त्याला देता येतो. आजचा विषय सायकोपॅथी आणि मेंदूतील जाळी हा आहे. त्याबद्दल मला एकच गोष्ट मांडायची आहे. गेल्या वीस वर्षांत सायकोपॅथ म्हटल्या जाणाऱ्या माणसांच्या मेंदूविषयी जो पुरावा जमला आहे, तो नीट वाचला तर या दोन क्रियापदांमधल्या फटीकडे बोट दाखवतो. त्यांच्यात ‘येणे’ बिघडलेले दिसते, ‘करणे’ निदान काही अंशी शाबूत दिसते. फरक बारीक आहे, पण न्यायालय, तुरुंग आणि उपचार या तिन्ही ठिकाणी सगळा वाद त्याच्यावरच येऊन अडतो.

आधी ‘सायकोपॅथ’ या शब्दाची साफसफाई करायला हवी. आपल्याकडे बातमीतला क्रूर गुन्हेगार सरसकट ‘माथेफिरू’ असतो, नाहीतर ‘विकृत’, आणि संपादकांना घाई असेल तर ‘मनोरुग्ण’. हा शेवटचा शब्द तर खऱ्या मनोरुग्णांवर अन्याय करणारा आहे. ज्याला भास होतात, कानात आवाज येतात, ज्याचे वास्तवाशी नाते तुटते, तो आजारी असतो आणि बहुतेक वेळा इतरांपेक्षा स्वतःच जास्त भोगत असतो. सायकोपॅथला भास होत नाहीत. त्याचा तर्क धड असतो, बोलणे गोड असते, स्मरणशक्ती शाबूत असते. विवेक ढळलेला नसताना वेड कसे, हा प्रश्न फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी 1801 मध्येच नोंदवला होता. आजचे चित्र मात्र मुख्यतः अमेरिकेतील जॉर्जियाचे मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांचे आहे. ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या 1941 च्या पुस्तकात त्यांनी अशा माणसांची वर्णने केली आणि शहाणपणाच्या मुखवट्यामागे काय नाही याचा शोध घेतला. पुढे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट हेअर यांनी या वर्णनाला मोजमाप दिले. त्यांच्या तपासणीसूचीची सुधारित आवृत्ती 1991 ची. तिच्यात 20 कलमे आहेत, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 40. उत्तर अमेरिकेत 30 किंवा अधिक गुण मिळाले की त्या कैद्याला सायकोपॅथ गणतात. गुण देणारा केवळ मुलाखतीवर विसंबत नाही, कैद्याची फाइलही वाचतो, कारण खोटे बोलणे हे त्या 20 कलमांतले एक कलमच आहे.

या सूचीत दोन प्रकारचा माल एकत्र बांधलेला आहे. एका बाजूला वरवरची मोहकता, फसवेगिरी, पश्चात्ताप नसणे, भावनांचा उथळपणा. दुसऱ्या बाजूला उतावळेपणा, बेजबाबदारपणा, लहानपणापासूनचे गुन्हे. दुसरी बाजू कोणत्याही तुरुंगात ढिगाने सापडते. पहिली दुर्मीळ आहे, आणि सायकोपॅथीचे जे खास आहे ते तिच्यातच आहे. अमेरिकन मनोविकार संघाच्या निदानपुस्तिकेत समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान आहे, पण ते बरेचसे वर्तनावर बेतलेले आणि त्यामुळे फार ऐसपैस आहे. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, तरी तो सांगणे भाग आहे. मेंदूविषयीच्या निष्कर्षांत जो गोंधळ दिसतो, त्याचा मोठा हिस्सा या गाठोड्यातून आलेला आहे.

सुरुवातीची कथा सोपी होती. मेंदूत कानशिलाच्या आत, बदामाएवढा एक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. भीती शिकण्यात त्याचा वाटा मोठा. संशोधक जेम्स ब्लेअर यांनी 1990 च्या दशकात असे सुचवले, की दुसऱ्याचा भेदरलेला किंवा रडवेला चेहरा पाहून सामान्य माणसाचा हात आपोआप आखडतो, आणि सायकोपॅथमध्ये हा लगामच बसलेला नसतो. जर्मनीत नील्स बिरबाउमर यांच्या गटाने 2005 मध्ये केलेला प्रयोग या कथेला बळ देणारा होता. काही चेहरे दाखवायचे आणि त्यांतल्या ठरावीक चेहऱ्यांनंतर वेदनादायक दाब द्यायचा. सामान्य माणसाच्या तळहाताला तो चेहरा दिसताच घाम सुटू लागतो, आणि अमिग्डाला, इन्सुला नावाचा आणखी एक भाग व कपाळामागचा मेंदूचा खालचा भाग एकत्र कामाला लागतात. सायकोपॅथांमध्ये यातले काही झाले नाही. पण कोणत्या चेहऱ्यानंतर दुखणार आहे, हे विचारल्यावर त्यांनी बरोबर सांगितले. कळत होते, पण वळत नव्हते, ही आपली म्हण प्रयोगशाळेत इतक्या अक्षरशः क्वचितच उतरली असेल.

तरीही ‘अमिग्डाला बिघडली’ हे उत्तर टिकले नाही. अमिग्डालाविषयीच्या एमआरआय अभ्यासांचा पद्धतशीर आढावा 2022 मध्ये निघाला, तेव्हा त्यांतील बहुतेक निष्कर्ष फरक न दाखवणारे निघाले. दरम्यान लक्ष भागांवरून जोडण्यांकडे वळले होते. अमिग्डालाच्या परिसरातून कपाळामागच्या मेंदूकडे जाणारा, आकड्यासारखा वाकलेला तंतूंचा एक जुडगा आहे. लंडनमध्ये मायकेल क्रेग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले, की सायकोपॅथ गुन्हेगारांत या जुडग्याची बांधणी सैल आहे. माणसे थोडी होती, 9 विरुद्ध 9. दोन वर्षांनी विस्कॉन्सिनमधील तुरुंगात ज्युलियन मोट्झकिन, जोसेफ न्यूमन, केंट कील आणि मायकेल कोनिग्ज यांनी कैद्यांची कैद्यांशीच तुलना केली. जुडगा उजव्या बाजूला कमजोर आढळलाच, शिवाय माणूस स्वस्थ पडलेला असतानाही कपाळामागचा भाग आणि अमिग्डाला यांच्या हालचालींचा मेळ कमी पडत होता. हे काम शक्य झाले ते कील यांच्या फिरत्या यंत्रामुळे. ट्रेलरवर बसवलेले एमआरआय यंत्र त्यांनी 2007 पासून थेट तुरुंगांच्या आवारात नेले, कारण कैद्यांना बेड्या घालून विद्यापीठात आणणे सोपे नव्हते.

यानंतर चित्र आणखी विस्तारले. आपण काही विशेष करत नसतो, मनाशी विचार करत असतो, स्वतःबद्दल, उद्याबद्दल, तेव्हा मेंदूच्या मध्यरेषेवरचे काही भाग एकत्र सक्रिय असतात. त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क हे नाव 2001 पासून मिळाले. बाहेर काही महत्त्वाचे घडले, कुणी किंचाळले, की हे जाळे मागे सरते. हे ‘महत्त्वाचे घडले’ अशी वर्दी देणारे दुसरे जाळे इन्सुला आणि सिंग्युलेट या मेंदूच्या भागांच्या पुढच्या बाजूला असते. उपलब्ध अभ्यास एकत्र करून 2020 मध्ये केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की सायकोपॅथी जितकी जास्त तितके काम चालू असतानाही मध्यरेषेवरचे ते आत्ममग्न जाळे जास्त सक्रिय, आणि वर्दी देणाऱ्या जाळ्यातील एक जागा कमी सक्रिय. याच विश्लेषणात अमिग्डालाचा परिसर कमी नव्हे, जास्त सक्रिय निघाला, हे जुन्या कथेच्या चाहत्यांनी जरूर लक्षात घ्यावे. मेंदूचा कुठलाही तुकडा गळून पडलेला नाही. एका जाळ्याने दुसऱ्याला हाक मारायची, आणि दुसऱ्याने मागे सरून जागा द्यायची, या देवाणघेवाणीत फरक आहे.

फरक हाकेत असेल, तर हाक बाहेरून दिली तर काय होईल? या प्रश्नाला उत्तर देणारे दोन प्रयोग मला या संपूर्ण साहित्यातले सर्वांत मोलाचे वाटतात. पहिला न्यूमन यांच्या गटाचा, 2010 चा, 125 कैद्यांवरचा. पडद्यावर अक्षरे येतात. अक्षर लाल असेल तर विजेचा झटका बसू शकतो. मधूनच मोठा आवाज करायचा आणि पापणी किती जोरात मिटते ते मोजायचे, कारण भ्यालेला माणूस जास्त जोरात दचकतो. कैद्याला अक्षराचा रंग ओळखायला सांगितले, म्हणजे त्याचे लक्ष धोक्यावरच ठेवले, तेव्हा सायकोपॅथही इतरांइतकेच दचकले. अक्षर मोठे की छोटे अशा दुसऱ्याच गोष्टीवर लक्ष लावले, की त्यांची भीती नाहीशी झाली. इतरांची मात्र तेव्हाही कायम राहिली. लक्ष एका कामात गुंतले की बाजूला घडणारे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, असे न्यूमन यांचे म्हणणे होते. दुसरा प्रयोग नेदरलँड्समधील ग्रोनिंगनचा, हार्मा मेफर्ट, व्हॅलेरिया गाझोला, ख्रिश्चन कीझर्स आणि सहकाऱ्यांचा, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला. दोन हातांच्या लहान लहान चित्रफिती दाखवल्या. एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, मारतो, झिडकारतो. मग पाहणाऱ्याच्या स्वतःच्या हातावर तसेच कुरवाळले आणि मारले, म्हणजे स्वतःला होताना मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते कळले. नुसते पाहायला सांगितले तेव्हा सायकोपॅथ गुन्हेगारांच्या मेंदूत हे भाग निरोगी माणसांपेक्षा बरेच कमी जागे झाले. त्यानंतर त्याच फिती पुन्हा दाखवून सांगितले, की या हातांना काय वाटत असेल ते आता तुम्ही अनुभवून बघा. फरक बराचसा ओसरला.

या ठिकाणी जाणता श्रोता हात वर करील, आणि त्याने करावाच. पहिला आक्षेप असा, की सांगितल्यावर केलेली सहानुभूती हा अभिनय असेल. गोड बोलून फसवणे हाच तर या माणसांचा धंदा आहे. तसे वाटणे साहजिक आहे, पण मेंदूतील रक्तप्रवाहाची हालचाल ओठांवरच्या हसण्याइतकी सहज ठरवून आणता येत नाही. अभिनयासाठी वेगळे भाग लागतील. इथे जागे झाले ते स्वतःला वेदना होताना जागे होणारे भाग. मात्र एवढ्यावरून ‘त्यांना वाटले’ असे म्हणणेही उडी ठरेल. इन्सुला अनेक कारणांनी उजळते. तिच्या उजळण्यावरून मनात काय आहे ते ओळखणे म्हणजे खिडकीतला दिवा पाहून घरात कोण बसले आहे ते सांगण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो पुराव्यातूनच येतो. जीन डेसेटी यांच्या गटाने 2013 मध्ये 121 कैद्यांना बोटे चेपल्याची, पाय आपटल्याची चित्रे दाखवली. हे तुम्हाला होते आहे अशी कल्पना करा, म्हटल्यावर सायकोपॅथांच्या मेंदूने उत्तम प्रतिसाद दिला. दुसऱ्याला होते आहे अशी कल्पना करा, म्हटल्यावर तो मेळ बसला नाही. उलट बक्षिसाशी निगडित भागातील हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे मुद्दाम सांगितले तरी दार दर वेळी उघडते असे नाही. मी हे मान्य करतो, आणि माझे विधान तेवढेच आखडते घेतो. ‘करणे’ पूर्ण शाबूत आहे असे म्हणता येणार नाही. ते मेलेले नाही, काही परिस्थितींत हाकेला ओ देते, एवढेच म्हणता येते. ‘येणे’ मात्र बिरबाउमर, न्यूमन आणि ग्रोनिंगन या तिन्ही ठिकाणी, वेगवेगळ्या मार्गांनी मोजूनही, कमी निघाले.

तिसरा आक्षेप सगळ्या शाखेवर आहे. माणसे थोडी, कैद्यांची व्यसने जुनी, डोक्याला मार लागलेले पुष्कळ, आणि फरक सापडला तरच लेख छापायची हौस. यात तथ्य आहे. सायकोपॅथीवरील मेंदूच्या रचनेच्या अभ्यासांची 2021 मध्ये झडती घेण्यात आली, तेव्हा मूळ लेखांतील जवळपास 64 टक्के निष्कर्ष फरक न दाखवणारे होते. पण त्यांचे आढावे घेणाऱ्या लेखांत असे निष्कर्ष जेमतेम 9 टक्के उरले होते. मूळ शेतातले तण आढावा घेणाऱ्यांनी गपचूप उपटून टाकले. (मेलेल्या सामन माशाला एमआरआयमध्ये घालून माणसांचे फोटो दाखवणाऱ्या अमेरिकन संशोधकांची इथे आठवण होते. आकडेमोडीत पुरेशी काळजी घेतली नाही, तर त्या माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ सापडते, हे त्यांनी 2009 मध्ये दाखवले.) म्हणूनच माझा भर चित्रांवर कमी आणि प्रयोगांवर जास्त आहे. दोन गटांच्या चित्रांतला फरक व्यसनाने, गरिबीने, तुरुंगाने, कशानेही पडू शकतो. पण तोच माणूस, तेच यंत्र, त्याच फिती, आणि केवळ सूचना बदलल्यावर फरक ओसरतो, तेव्हा व्यसन किंवा गरिबी त्या दोन मिनिटांत बदललेली नसते. आणि मेंदूत फरक दिसला म्हणजे तो जन्मजात, हा समज तर सोडूनच द्यावा. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत रस्ते पाठ करणाऱ्या भागाची ठेवण वेगळी असते, हे 2000 पासून माहीत आहे. त्यावरून ते टॅक्सी चालवायलाच जन्माला आले असे कुणी म्हणत नाही.

‘येणे’ आणि ‘करणे’ यांतले अंतर आपल्या भाषेतूनच आणखी स्पष्ट होईल. मराठी उशिरा शिकलेल्या माणसाला पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते, हे दर वेळी आठवावे लागते. सावकाश बोलला तर चुकत नाही. भांडणात, घाईत, थकल्यावर चुकतो. मराठी ऐकत वाढलेल्याला आठवावे लागतच नाही. नैतिक वागण्याचा बहुतेक भाग असाच न आठवता होतो. गर्दीत लहान मूल पडले तर आपण विचार करून थांबत नाही. ज्याला हे येत नाही, त्याला दर प्रसंगी ते व्याकरणासारखे आठवावे लागणार. उपमेची लंगडी बाजूही सांगतो: भाषा शिकणाऱ्याला बरोबर बोलायची इच्छा असते. इथे ती इच्छा कुठून आणायची, याचे उत्तर कुठल्याही जाळ्याच्या नकाशात नाही.

कायद्यापुढचा प्रश्न यामुळे बदलतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 2009 मध्ये ब्रायन डूगन या खुन्याच्या शिक्षेच्या सुनावणीत कील यांनी मेंदूच्या चाचण्यांवर साक्ष दिली. ज्युरीने तरीही मृत्युदंड सुचवला. पुढे 2011 मध्ये राज्याने ती शिक्षाच रद्द केली. सायकोपॅथीचे जैविक कारण सांगितल्यावर न्यायाधीश काय करतात, हे 2012 मध्ये 181 न्यायाधीशांना एक काल्पनिक खटला देऊन तपासले गेले. कारण न सांगता शिक्षेची सरासरी 13.93 वर्षे, सांगितल्यावर 12.83. जेमतेम एका वर्षाचा फरक. यात मला न्यायाधीशांची कठोरता दिसत नाही, गोंधळही दिसत नाही. एकाच पुराव्याने दोन विरुद्ध गोष्टी सुचतात: याच्या हातात नव्हते, म्हणून शिक्षा कमी, आणि हा बदलणार नाही, म्हणून जास्त. दोन्ही निष्कर्ष मेंदूतील फरकाला नियती मानतात, आणि ग्रोनिंगनचा प्रयोग दोघांनाही गैरसोयीचा आहे. आपल्या भारतीय दंड संहितेचे कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 22, विचारते ते एवढेच, की कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे जाणण्यास आरोपी असमर्थ होता का. सायकोपॅथ जाणतो. कोणत्या चेहऱ्यानंतर दुखेल, हे त्या जर्मन प्रयोगातील सायकोपॅथांनी बरोबर सांगितले होते. सुटकेला एवढ्याने वाव उरत नाही, आणि माझ्या मते उरूही नये. वाव आहे तो शिक्षेच्या प्रमाणात, आणि पुढे त्या माणसाचे काय करायचे यात.

‘हे सुधारत नाहीत’ हा समज एका विशिष्ट ठिकाणी पक्का झाला. कॅनडातील पेनेटँग्विशीनच्या कडेकोट रुग्णालयात 1960 च्या दशकात कैदी-रुग्णांनी एकमेकांवर उपचार करावेत असा धाडसी प्रयोग झाला. मनातले सगळे मोकळे करायचे, भावनांना हात घालायचा. त्यांचा पाठपुरावा 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्या सायकोपॅथांपैकी 77 टक्क्यांनी पुन्हा हिंसक गुन्हा केला, न घेतलेल्यांपैकी 55 टक्क्यांनी. दुसऱ्याचे मन वाचायला शिकवले, त्यांनी ते कौशल्य वापरले असावे. यातून ‘काहीच उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. माझ्या मते निष्कर्ष वेगळा निघतो: जिथे ‘येणे’ बिघडलेले आहे तिथेच जोर लावला, म्हणून फसले. विस्कॉन्सिनमधील मेंडोटा केंद्राने 1995 पासून सर्वांत हिंसक किशोरांसाठी दुसरी वाट धरली. शिक्षेवर कमी भर, आणि चांगल्या वागण्याला त्याच दिवशी, लहान लहान, खात्रीने मिळणारी सवलत. बाहेर पडल्यावर या मुलांची हिंसा तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय कमी राहिली. पाठपुराव्याच्या काळात तुलनेच्या गटाकडून 16 जणांचे बळी गेले, मेंडोटाच्या मुलांकडून एकही नाही. एरिएल बास्किन-सॉमर्स आणि न्यूमन यांनी 2015 मध्ये कैद्यांना सहा आठवडे, आठवड्याला एक तास, संगणकावर सरावाला बसवले. सायकोपॅथांना दिलेला सराव दयेचा नव्हता. काम करताना बाजूला बदलणाऱ्या खुणा टिपण्याचा होता. ज्यांना आपल्या दोषाशी जुळणारा सराव मिळाला त्यांच्यात सुधारणा दिसली. तुरुंगाबाहेर ती टिकते का, हे एवढ्याने सिद्ध होत नाही.

आपल्याकडे मेंदूची यंत्रे न्यायालयात आली ती याहून फार कच्च्या रूपात. पुण्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये एका खून खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूच्या विद्युतलहरींवरची चाचणी ग्राह्य धरली, तेव्हा त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात 2010 मध्ये अशा चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. ती चाचणी ‘याने केले का’ हे मेंदूला विचारत होती. आता येणारा प्रश्न ‘हा कोण आहे’ असा असेल, कारण सर्वोच्च न्यायालयाच्याच मनोज खटल्यातील 2022 च्या निर्णयाने मृत्युदंडाच्या प्रकरणांत आरोपीचे मानसिक मूल्यमापन न्यायालयापुढे ठेवणे आवश्यक केले आहे, आणि बच्चन सिंग निकालापासून, म्हणजे 1980 पासून, सुधारणेची शक्यता हा त्या निवाड्याचा कणा राहिला आहे. हे मूल्यमापन लिहिणाऱ्याने एमआरआयचे रंगीत चित्र जोडायचे ठरवले, तर त्या चित्रातून फार तर गटाची सरासरी दिसेल. समोरचा माणूस सरासरीच्या कुठल्या टोकाला आहे, हे त्यात दिसत नाही. सांगितल्यावर तो काय करू शकतो, लक्ष वळवल्यावर काय टिपू शकतो, ठरलेली सवलत रोज मिळत गेली तर तीन महिन्यांनी त्याच्या नोंदवहीत भांडणे किती उरतात, हे तुरुंगातल्या तुरुंगात तपासता येते. त्यासाठी ट्रेलरवरचे यंत्र लागत नाही. एक प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, एक वही आणि घाई न करणारे न्यायालय लागते.